टप्पा, दिशा आणि पानठेला

ज्याने जन्मात सहा चेंडूंचे एक षटक धडपणे टाकलेले नसते, त्याला दुसऱ्याने चेंडू कुठे टाकावा हे नेमके ठाऊक असते. हा सृष्टीचा नियमच आहे. लग्न न झालेला संसारावर बोलतो, शेत विकून बसलेला पेरणीवर बोलतो आणि पानठेल्याच्या बाकावर बसलेला गोलंदाजीवर बोलतो. पहिल्या दोघांचे कोणी ऐकत नाही, म्हणून जग अजून चालले आहे. तिसऱ्याचे मात्र ऐकावे लागते, कारण तो सीमारेषेपासून दहा पावलांवर बसलेला असतो आणि त्याचा आवाज मोठा असतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आमचे बोरी अरब आहे. नावातला 'अरब' ऐकून बाहेरगावचे पाहुणे खजुराची चौकशी करतात, तेव्हा आम्ही त्यांना कपाशी दाखवतो. तर या बोरी अरबात पोरे क्रिकेट खेळतात. मी पंच म्हणून उभा राहतो, कारण दुसरे कोणी उभे राहायला तयार नसते. आणि पानठेल्यावरची मंडळी खर्रा घोटता घोटता मार्गदर्शन करतात. या मार्गदर्शनात एकच वाक्य असते. गोलंदाज उंच असो की बुटका, डावा असो की उजवा, वेगवान असो की फिरकीवाला, पाऊस पडून गेलेला असो की जमीन भेगाळलेली असो, वाक्य तेच.

"ऑफ स्टंपच्या भाईर टाक ना बे!"

या वाक्याविरुद्ध मला आज बोलायचे आहे. सौम्यपणे बोलून पाहिले, उपयोग झाला नाही. माझे स्पष्ट मत असे की क्रिकेटच्या पंढरीत आजवर जेवढी वाक्ये उच्चारली गेली, त्यांत याच्याइतके दिसायला शहाणे आणि वागायला घातक वाक्य दुसरे नाही. याने किती पोरांचे हात बिघडवले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. ठेवली असती तर पानठेल्यावर बसायला परवाना लागला असता.

आता 'टप्पा आणि दिशा' हे शब्द मोठे गोड आहेत, हे मी मान्य करतो. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीतून समालोचन करीत, त्या काळापासून आमच्या पिढीचा कान या मराठी शब्दांना सरावलेला. पण झाले काय, की 'दिशा' म्हटले की आपल्या माणसाला भूगोलाऐवजी नीतिशास्त्र आठवते. 'पोरगा दिशा सोडून टाकतो' हे आपण अशा सुरात म्हणतो, जसे काही तो पोरगा रात्री उशिरा घरी येतो. सरळ म्हणजे चांगला, वाकडा म्हणजे वाया गेलेला. अहो, चेंडू आहे तो, जावई नव्हे. तो वाकडा गेला तरच कामाचा.

यात थोडी भूमिती आहे. भूमितीला घाबरणाऱ्यांनी खर्रा बाजूला ठेवून ऐकावे. एका टोकाच्या यष्ट्यांपासून दुसऱ्या टोकाच्या यष्ट्यांपर्यंत बावीस यार्ड, म्हणजे सहासष्ट फूट. गोलंदाज चेंडू सोडतो त्या रेषेपासून समोरच्या यष्ट्या सुमारे बासष्ट फुटांवर. तिन्ही यष्ट्या मिळून रुंदी अवघी नऊ इंच. म्हणजे मधल्या यष्टीच्या मध्यापासून कडेपर्यंत साडेचार इंच. आता गोलंदाज काही यष्ट्यांच्या डोक्यावर बसून चेंडू टाकत नाही. तो बाजूने धावत येतो आणि त्याचा हात मधल्या रेषेपासून दोनेक फूट बाजूला असतो. उजव्या हाताने यष्टीवरून टाकणारा असेल तर तो उजव्या फलंदाजाच्या ऑफच्या बाजूने टाकतो, आणि डाव्या हाताने यष्टीवरून टाकणारा असेल तर लेगच्या बाजूने. फलंदाजापासून सहा यार्डांवर, म्हणजे अठरा फुटांवर, टप्पा पडला असे धरा. मग उजव्या गोलंदाजाचा जो चेंडू सरळ जाऊन मधली यष्टी उडवणार, त्याचा टप्पा मधल्या रेषेच्या बाहेर सात इंचांवर, म्हणजेच ऑफ स्टंपच्या बाहेर पडलेला असतो. शाबास! पानठेल्याचे वाक्य इथे खरे ठरले.

आता त्याच जागी, अगदी त्याच गवताच्या काडीवर, डावऱ्या पोराने यष्टीवरून टप्पा टाकला. चेंडू लेगकडून ऑफकडे तिरका चाललेला आहे. तो सात इंचांवर टप्पा घेऊन तसाच पुढे सरकतो आणि यष्ट्यांपर्यंत पोचेपर्यंत ऑफ स्टंपपासून फूटभराहून अधिक बाहेर गेलेला असतो. मी हात पसरून वाइड देतो. टप्पा एकच, काडी एकच, पण एकाची यष्टी उडाली आणि दुसऱ्याची अब्रू उडाली. त्याच पोराने सरळ चेंडूने मधली यष्टी उडवायची म्हटली तर टप्पा लेग स्टंपच्या बाहेर टाकावा लागेल. तिथे टप्पा पडला की पायचीत मागायची सोय नाही, तो नियमच आहे. म्हणून त्याला चेंडू हवेत आत वळवावा लागतो, नाहीतर यष्टीच्या दुसऱ्या बाजूने येऊन टाकावे लागते. सांगायचा मुद्दा, त्याचा संसारच वेगळा. आणि आपण त्याला शेजाऱ्याच्या संसाराचे नियम शिकवतो.

आमच्याकडे असा एक डावरा पोरगा होता. त्याचे आणि बाकावरच्या एका ज्येष्ठांचे झालेले भाषण मी पंचाच्या जागेवरून ऐकले आहे.

"अबे डावऱ्या, ऑफ स्टंपच्या भाईर टाक ना!"

"टाकून रायलो ना, काका."

"मंग वाइड काहून चालला?"

"काका, तिकडे टाकला का थो अजून तिकडेच जाते."

"जाते म्हंजे? तू जाऊ काहून देतं?"

या शेवटच्या प्रश्नाला न्यूटनपाशीही उत्तर नसावे. पोरगा गप्प बसला. पुढच्या षटकात त्याने वेग कमी केला आणि चेंडू जपून, मोजून, काकांनी सांगितलेल्या जागी ठेवला. त्याला सलग तीन चौकार बसले. काका म्हणाले, "दिशाच नाही पोराले."

हात झाला, आता माती. आमची माती काळी, कापसाची. तिच्यातली चिकणमाती पाणी मिळाले की फुगते आणि पाणी आटले की आक्रसते. त्यामुळे आमची एकच खेळपट्टी वर्षातून तीन अवतार घेते. मृगाच्या सरी पडून गेल्या की ती खेळपट्टी राहत नाही, ते पुरणाचे कणीक होते. चेंडू टप्पा पडतो तिथेच विचार करीत थांबतो, आणि गोलंदाजाच्या प्रत्येक बुटाला शेरभर जमीन चिकटून येते. सातबारा त्याच्या नावावर होत नाही एवढेच. हिवाळ्यात ती आवळून बसते, कडक आणि बरी. आणि एप्रिल-मेमध्ये तिला अशा भेगा पडतात की एकदा उडालेली बेल भेगेत गेली, ती काढायला सायकलच्या चाकाची तार आणावी लागली.

या तीन अवतारांत चेंडू एकाच जागी टाका म्हणणारा माणूस बाराही महिने स्वेटर घाला असेही म्हणू शकेल. खाली राहणाऱ्या, मंद उसळीच्या खेळपट्टीवर चेंडू यष्ट्यांवरच हवा. फलंदाज चुकला की यष्टी किंवा पाय, दोन्हींतले काहीतरी सापडते. तिथे ऑफच्या बाहेर टाकणे म्हणजे आलेल्या पाहुण्याला जेवायला न बसवता गाव दाखवायला नेणे. उलट काथ्याची मॅट अंथरली की चेंडू तिच्यात दात रोवतो आणि छातीपर्यंत उसळतो. यष्ट्यांवर टाकलेला चेंडू यष्ट्यांवरून निघून जातो. मग मात्र बाहेरची दिशा, कड, आणि मागे झेल, हे सगळे शास्त्रशुद्ध. आणि भेगाळलेल्या मेमध्ये? तिथे यष्ट्यांकडे बघायचेच नाही. कोणती भेग आपल्या कामाची आहे ते बघायचे आणि तिच्याशी इमान राखायचे.

यात आणखी दोन गोष्टी मिसळा. गावातल्या टेनिस चेंडूच्या सामन्यात आम्ही पायचीत देत नाही. दिले तर पंचाला संध्याकाळी घरी जाण्यासाठी वेगळा रस्ता धरावा लागतो. पायचीत नाही म्हटल्यावर फलंदाज खुशाल पाय आडवा घालून उभा राहतो आणि पायांवरच्या दिशेची किंमत निम्मी होते. दुसरी गोष्ट मैदानाची. आमच्या मैदानाच्या एका बाजूला भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला विहीर. चेंडू विहिरीत गेला तर तो आणायचा कोणी, हा प्रश्न नेहमी गोलंदाजाकडे पाहून विचारला जातो. तेव्हा फलंदाजाला विहिरीच्या बाजूला मारता येणार नाही अशी दिशा पोरगा आपोआप शोधतो. याला तुम्ही काय म्हणाल? मी याला डावपेच म्हणतो. बाकावर याला 'घाबरला' म्हणतात.

मला वाटत होते, हा आमच्या काळ्या मातीचाच विषय असेल. पण पुण्याला भाच्याकडे गेलो असताना त्याने मला एका मॉलमध्ये नेले. तिथे लाकडी गल्लीतून जड गोळा घरंगळत सोडून समोरच्या दहा बाटल्या पाडायचा खेळ होता. त्यालाही बोलिंगच म्हणतात. गल्ली साठ फूट लांब, साडेतीन फूट रुंद, आरशासारखी गुळगुळीत. मी म्हटले, इथे तरी माती नाही, भेग नाही, विहीर नाही, इथे एकच सरळ दिशा असणार. तिथे उभा असलेला विशीतला मुलगा हसला आणि म्हणाला, "काका, याच्यावर तेल असतं."

मग त्याने सांगितले ते मी अवाक् होऊन ऐकले. गल्लीच्या पहिल्या साधारण चाळीस फुटांवर तेलाचा पातळ थर देतात. तो डोळ्यांना दिसत नाही. तेलावर गोळा घसरतो, आणि तेल संपले की कोरड्या लाकडाला पकड घेऊन वळतो. मधल्या भागात तेल जास्त, कडांना कमी. ज्याचा गोळा खूप फिरतो त्याने मधल्या तेलावरून टाकावा, ज्याचा सरळ जातो त्याने वेगळी फळी धरावी. दोन हातांनी टाकणाऱ्याचे गणित आणखी निराळे. आणि खेळ चालू असताना गोळे तेल पुढे ओढत नेतात, मधूनमधून पुसून टाकतात. म्हणजे सकाळची दिशा दुपारी चालत नाही. चांगला खेळणारा दर थोड्या वेळाने आपले पाय आणि नेम सरकवतो.

मी त्या मुलाला विचारले, "आणि मागे बसलेले लोक ओरडत नाहीत, तिसऱ्या फळीवर टाक म्हणून?" तो म्हणाला, "त्यांना तेल दिसत नाही ना, काका." अरे बाबा, याला म्हणतात शिक्षण! बाकावर बसलेल्याला तेल दिसत नाही. ज्याच्या हातून गोळा वळतो त्यालाच ते कळते. हे वाक्य मी आमच्या पानठेल्यावर रंगवून घेणार होतो, पण मालक म्हणाले की तेवढ्या जागेत उधारीची पाटी आहे.

आता बाकावरची मंडळी काही अगदी निरुत्तर नाहीत. त्यांच्याकडे दाखले आहेत, आणि पहिला दाखला बापू नाडकर्णींचा. 1964 साली मद्रासच्या कसोटीत त्यांनी इंग्लंडविरुद्ध लागोपाठ एकवीस षटके निर्धाव टाकली. सरावाला खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर टप्पा टाकीत, असे सांगतात. "पाहा, याला म्हणतात दिशा!" पाहिली. त्या डावातले त्यांचे पृथक्करण असे: बत्तीस षटके, सत्तावीस निर्धाव, पाच धावा, आणि बळी शून्य. नाडकर्णींना मी दोन्ही हात जोडतो. धावा रोखायच्या होत्या, त्यांनी त्या रोखल्या. हेतू ठरवून दिशा निवडली आणि ती घोटली. पण बाकावरून पोराला जेव्हा नाडकर्णींचे नाणे दाखवतात, तेव्हा त्याच्याकडून मागतात मात्र बळी. नाणे एकाचे आणि वसुली दुसऱ्याची, असा हा हिशेब आहे.

दुसरा दाखला जामठ्याचा. 2008 साली नागपूरजवळच्या जामठ्याच्या नव्या मैदानावर पहिली कसोटी झाली, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. तिसऱ्या दिवशी धोनीने ऑफच्या बाजूला आठ क्षेत्ररक्षक लावले, लेगला एकच, आणि झहीर खान व ईशांत शर्मा यांनी ऑफ स्टंपच्या बाहेर, चांगले बाहेर, चेंडू टाकले. ऑस्ट्रेलियाला दिवसभरात 166 धावाच करता आल्या, आणि सामना आपण 172 धावांनी जिंकला. पानठेल्यावर हा दाखला दर महिन्याला निघतो. पण तो नीट वाचा ना! पहिल्या डावात 441 धावा खिशात होत्या, मालिकेत आघाडी होती, म्हणजे घाई समोरच्याला होती. खेळपट्टी संथ होती आणि आठ माणसे एका बाजूला उभी होती. ती दिशा या सगळ्यातून निघालेली होती. आमच्या पोराच्या बाजूला ऑफला तीन माणसे असतात. त्यांतला एक चप्पल शोधत असतो आणि एक मोबाइलवर.

शिवाय त्याच नागपुरात 2004 साली, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर, खेळपट्टीवर हिरवे गवत होते. गिलेस्पीने आपली दाणादाण उडवली आणि आपण 342 धावांनी हरलो. आणि 2015 साली जामठ्यालाच चेंडू असा हातभर वळला की दक्षिण आफ्रिका पहिल्या डावात 79 धावांत आटोपली, अश्विनने सामन्यात बारा बळी घेतले, तिसऱ्या दिवशी सामना संपला आणि आयसीसीने खेळपट्टीवर 'निकृष्ट' असा शेरा मारला. एकच शहर, अकरा वर्षे, तीन खेळपट्ट्या, तीन दिशा. नागपूरला हे जमते, आणि बोरी अरबला बारा महिने एकच वाक्य पुरते!

मोठ्यांची उदाहरणे काढायची तर पुरती काढू. चंद्रशेखर आणि बेदी एकाच संघात, एकाच खेळपट्टीवर टाकीत. बेदी डावखुरा, हवेत तरंगवून फलंदाजाला पुढे बोलवणारा. चंद्राचा उजवा हात लहानपणी पोलिओने अधू झालेला, आणि त्याच हातातून लेगस्पिन आणि गुगली सणसणत निघे. त्याने बेदीच्या जागी टप्पा टाकला असता तर 1971 साली ओव्हलवर 38 धावांत सहा बळी कोणी घेतले असते? सुदैवाने त्याच्या सीमारेषेवर पानठेला नव्हता. शेन वॉर्न तर लेग स्टंपच्या बाहेर, बुटांनी उकरलेल्या मातीत चेंडू टाकी. आमच्या काकांनी त्याला पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता. 1998 साली तो भारतात येणार म्हटल्यावर सचिन तेंडुलकरने काय केले? सरावाला लेग स्टंपबाहेरची जमीन मुद्दाम खरवडून घेतली आणि शिवरामकृष्णनला तिथे टाकायला लावले. मग चेन्नईच्या दुसऱ्या डावात नाबाद 155. जगातला सर्वांत मोठा फलंदाज ज्या मातीच्या चार खरवडींचा एवढा मान राखतो, तिच्याकडे न पाहता आम्ही दिशा सांगतो.

आमच्या विदर्भानेच याचा धडा दिला आहे. 2018-19 ची रणजी अंतिम लढत जामठ्याला सौराष्ट्राविरुद्ध झाली. आदित्य सरवटे या डावऱ्या फिरकीवाल्याने अकरा बळी घेऊन ती जिंकून दिली. 2024-25 ला पुन्हा जामठा, पुन्हा अंतिम लढत, केरळविरुद्ध, आणि पुन्हा विदर्भाला करंडक. त्या मोसमात हर्ष दुबे या दुसऱ्या डावऱ्या फिरकीवाल्याने 69 बळी घेतले, एका रणजी मोसमातला तो विक्रम. आणि गंमत अशी की सरवटे त्या वेळी केरळकडून खेळत होता. डावरे हात आमच्याकडे पिकतात, परप्रांतात निर्यातही होतात. फक्त बोरी अरबात त्यांना वाइड म्हणतात.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. एक निवृत्त गुरुजी मला म्हणाले, "असं प्रत्येकाला मोकळं सोडलं तर शिस्त कुठं राहील? नवख्या पोराला काहीतरी एक खुंटी लागते." गुरुजींचे म्हणणे रास्त आहे. खुंटी लागतेच. एकाच जागी शंभरदा टप्पा टाकल्याशिवाय हात बसत नाही, यात दुमत नाही. पण गुरुजी, खुंटी गोठ्यात कुठे ठोकायची हे गाय कुठे उभी राहते ते पाहून ठरवतात ना? शिस्त म्हणजे निवडलेल्या रेषेवर टिकणे. आपण शिस्तीच्या नावाखाली निवडच काढून घेतो. पद्माकर शिवलकरांनी 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकच्या फिरकीला लागलेल्या खेळपट्टीवर तमिळनाडूचे आठ गडी 16 धावांत बाद केले. केवढी शिस्त! पण ती त्या खेळपट्टीला ओळखून केलेली शिस्त होती. ज्यांना त्या मातीतले कळले नाही, तेही शिस्तीतच टाकीत असतील. आज त्यांची नावे कोणाला आठवत नाहीत.

आता इतका वेळ मी हसत बोललो, पण ज्यासाठी लेखणी उचलली ती गोष्ट हसण्यासारखी नाही. आमच्याकडचा तो डावरा पोरगा एका निवड चाचणीला गेला. कुठल्या, ते सांगण्यात अर्थ नाही. सगळीकडे तसेच असते. पहाटेची एसटी, डब्यात भाकरी, उसने बूट. आयुष्यभर टेनिस चेंडू, काळी माती नाहीतर सिमेंटवरची मॅट, एवढेच पाहिलेले. तिथे हातात कोरा चामडी चेंडू आला आणि समोर गवताची खेळपट्टी. रांगेत शंभरावर पोरे, प्रत्येकाला सहा चेंडू. आदल्या दिवशी खेळपट्टीवर अंगठा दाबून पाहायची सोय नाही, दोन चेंडू चाचपून पाहायची मुभा नाही. मॅटवर जिथे टाकायचा तिथेच त्याने टाकले. आणि मॅटवर दात रोवणारा चेंडू ओल्या गवतावरून साबणासारखा घसरून गेला. सहा चेंडूंनंतर कागदावर दोन शब्द लिहिले गेले: 'दिशा नाही.' पोरगा रात्रीच्या गाडीने परत आला. आता तो जिनिंगमध्ये कामाला जातो. काम वाईट नाही. पण रविवारी मैदानावर येत नाही, आणि मैदानावरून जाणारा रस्ता टाळतो.

त्याला दिशा नव्हती असे नाही. त्याला त्या मातीची ओळख नव्हती, आणि ओळख करून घ्यायला कोणी दहा मिनिटे दिली नाहीत. ज्यांच्या शाळेच्या मागे गवताची खेळपट्टी आहे, त्यांची दिशा जन्मतःच ऑफ स्टंपच्या जरा बाहेर असते. सहा चेंडूंत ती दिसतेही. जी तिथे दिसत नाही, ती आमच्या पोराची नजर. भेग कुठली, ओल कुठे, फलंदाजाचा पाय कुठे अडकतो, हे ओळखणारी. ती मोजायला त्या कागदावर रकाना नव्हता. उमेश यादव हा वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, टेनिस चेंडूवर वाढलेला. 2011 साली तो विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. त्याचे नाव घेऊन सगळे म्हणतात, "पाहा, गुणवान असला की वर येतोच." एक वर आला, म्हणून बाकीच्यांना शिडी नको, हे तर्कशास्त्र मला कधी समजले नाही.

याहून जुनी गोष्ट पाळवणकर बाळूंची. पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टीची देखभाल करणारा हा माणूस. रोलर ओढायचा, जाळी बांधायची, आणि साहेब लोकांना सरावासाठी डाव्या हाताने चेंडू टाकायचे. ज्या मातीवर तो टाकी, ती त्याने स्वतः दाबलेली असे. तिची नाडी त्याच्याइतकी कोणाला कळणार? 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात, परक्या मातीवर, त्याने 114 बळी घेतले. खेळताना बरोबरीचा, आणि चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. खेळपट्टीवरच्या रेषा त्याला उत्तम कळत. बाहेरच्या रेषा मात्र इतरांनी आखलेल्या होत्या. हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते 1923 साली त्याच्या भावाला, विठ्ठलला, मिळाले. सांगायचा मुद्दा एवढाच, की ज्याचे हात मातीत असतात त्याला दिशा विचारावी, सांगू नये, हे आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच कळायला हरकत नव्हती.

तेव्हा माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे. एक, चाचणी घेणाऱ्यांनी पोराला आधी खेळपट्टीवरून चालू द्यावे, वाकू द्यावे, अंगठा दाबू द्यावा, आणि सहाऐवजी दोन षटके द्यावीत. पहिले ओळखीचे आणि दुसरे परीक्षेचे. दोन, प्रत्येक पोराला आधी एक प्रश्न विचारावा: "तू इथे कुठे टाकशील, आणि का?" ज्याला 'का' सांगता येते त्याचे नाव लिहून ठेवावे, चेंडू वाइड गेला तरी. तीन, तालुक्याला एकेक गवताची खेळपट्टी व्हावी. काळ्या मातीला गवत वर्ज्य नाही, पोळ्याच्या बैलांना विचारा. आणि चार, पानठेल्यावरच्या मंडळींनी यापुढे दिशा सांगण्यापूर्वी मैदानात उतरून एक षटक टाकून दाखवावे.

ही चौथी मागणी मी गेल्या रविवारी बाकावर वाचून दाखवली. थोडा वेळ शांतता पसरली. मग ज्येष्ठ काकांनी खर्रा गालात सरकवला आणि म्हणाले, "टाकतो ना. काहून नाही टाकत? पण पैले सांग, या मातीत टाकाव कुठी?"

मी काहीच सांगितले नाही. नुसता चेंडू त्यांच्या हातात दिला.